इग्नातचा पायगुण

आमच्या गावात कोणाचीही नक्कल करता येते. झाफिरमामाची सगळ्यांत सोपी. खांदे वर घ्यायचे, एक डोळा बारीक करायचा आणि प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा: "पाव आला का? नाही, म्हणजे, पाव आला का?" वेलाआजीची करायची तर ओठ घट्ट मिटून आधी दुकानभर नजर फिरवायची, मग कोणाची तरी सालटी काढायची आणि शेवटी डोक्याचा रुमाल सारखा करत म्हणायचं, "मी काही म्हणत नाही." माझ्या आईची नक्कलही मला येते, पण ती मी दुकानाचं दार लावून करते.

इग्नातकाकाची मात्र जमत नाही. हाताला काही लागतच नाही. हा माणूस बोलण्याआधी ठोकतो. समोर जे असेल ते, बोटाच्या पेराने, टक् टक्. मग कान देऊन ऐकतो, जणू आत काजळी किती साठलीय ते त्याला कळतंय, आणि मग एखादाच शब्द टाकतो. आमच्या दुकानात येतो, लाकडी फळी ठोकतो. "मीठ." पुन्हा ठोकतो. "काड्यापेटी." आई म्हणते, याच्याशी बोलणं म्हणजे दाराशी बोलणं, फक्त दार निदान करकरतं तरी.

ठोकायची सवय धंद्यातून आलेली. गावातली प्रत्येक लोखंडी चूल आणि प्रत्येक धुराडं त्याच्या हाताखालून गेलंय. सप्टेंबरात, बटाटे निघाले की, तो खांद्यावर दोराचं वेटोळं, दोराला लोखंडी गोळा आणि हातात तारेचा ब्रश घेऊन घरोघर फिरतो. बायका चुलीभोवती जुने पेपर पसरतात. तो दगडी फरशांच्या छपरावर मांजरासारखा चढतो, गोळा आत सोडतो, आणि खाली घरात काळा पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. उतरतो तेव्हा त्याचे फक्त डोळे ओळखू येतात. मग त्याला कॉफी. काजळी लागते म्हणून प्रत्येक घराने त्याच्यासाठी एक वेगळा कप ठेवलेला आहे, कान तुटलेला नाहीतर टवका उडालेला. आमचा निळा आहे. असं सगळ्या गावाच्या स्वयंपाकघरांत इग्नातकाकाचा कप आहे. त्याच्या स्वयंपाकघरात कोणाचाच नाही.

घर वरच्या गल्लीचं अगदी शेवटचं. त्याच्यापुढे पाइनचं रानच. बायको होती रादाकाकू, ती जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी झोर्नित्सा स्पेनमध्ये संत्री खोक्यात भरते. दर रविवारी तिचा फोन येतो, आणि वरच्या गल्लीत नेटवर्क नाही म्हणून तो ऐकायला इग्नातकाका आमच्या दुकानात येतो. ती बोलत राहते. भाडं, पाठदुखी, तिथलं ऊन, सगळं आम्हालाही ऐकू येतं. "बाबा, ऐकतोयस ना?" टक् टक्, इग्नातकाका फळी ठोकतो. ती पुढे बोलायला लागते. तिला पुरतं तेवढं.

आता वेलाआजीचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय इग्नातकाकाचं काहीच सांगून होत नाही.

आमच्याकडे नाताळाच्या आधी संत इग्नातचा दिवस येतो. त्या दिवशी घरात जो पहिला पाय पडेल त्याचा गुण वर्षभर टिकतो. चांगला पाय पडला तर कोंबड्या अंड्यांवर बसतात, शेळ्या वितात, माणसं खोकत नाहीत. वाईट पडला तर काय होतं ते वेलाआजीला विचारावं. म्हणून त्या दिवशी सकाळी कोणी कोणाकडे जात नाही. कशाला उगाच वर्षाचा भार डोक्यावर घ्या? ज्याचा पाय चांगला असं ठरलेलं आहे तो येईपर्यंत सगळे घरात. आणखी एक: त्या दिवशी घरातली वस्तू बाहेर द्यायची नाही. मीठ नाही, निखारा नाही, अंडं तर नाहीच. दिली की वर्षाची बरकत तिच्यामागे गेली.

बारा-तेरा वर्षांपूर्वी याच दिवशी वेलाआजीच्या धुराड्याने सकाळीच दम टाकला. खोलीत धूर, तिचे यजमान म्लादेनआजोबा खोकतायत, आणि वेलाआजीने खिडकीतून वरच्या गल्लीकडे तोंड करून हाक मारली, "इग्नात, पळत ये." तो पळत आला. दिवस कोणता ते दोघांच्याही ध्यानात नाही. त्याचा स्वतःच्या नावाचा दिवस, तरी नाही. तो ब्रश घेऊन आत शिरला, धूर गेला, म्लादेनआजोबांनी त्याला घरी गाळलेली दारू, राकिया, प्यायला दिली, सगळे खूश.

त्या फेब्रुवारीत त्यांची गाय बर्फावरून घसरून नाल्यात गेली. ईस्टरनंतर मुलगा जर्मनीला गेला तो गेलाच. आणि शरदात म्लादेनआजोबा अक्रोडाखालच्या बाकावर टेकले ते उठले नाहीत. वेलाआजीने दुकानात उभं राहून एकेक बोट मिटलं. गाय. पोरगा. नवरा. "मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण त्या दिवशी आधी कोण आलं होतं?"

बोलावलं कोणी होतं, हे कोणी विचारलं नाही. गाय, पोरगा आणि नवरा एका वर्षात गेलेल्या बाईला असलं काही विचारत नाहीत. आणि त्या वर्षापासून इग्नातकाका पांढऱ्या पायाचा झाला. सप्टेंबरात छपरावर चालतो, चुलीपाशी चालतो, पण संत इग्नातच्या दिवशी नाही. वेलाआजी तर सप्टेंबरातही आत घेत नसे. छपरावरूनच काय ते कर म्हणायची, आणि कॉफीचा कप खिडकीतून द्यायची.

यातली खरी गंमत, म्हणजे गंमत नाहीच, अशी की नावाच्या दिवशी, म्हणजे ज्या संताचं नाव आपल्याला त्याच्या सणाला, आमच्याकडे बोलावणं नसतं. ज्याचं नाव त्याने टेबल मांडायचं, दाराची कडी काढायची आणि बसायचं. लोक आपण होऊन येतात. बोलावून आलेला पाहुणा हा काय नावाच्या दिवसाचा पाहुणा? बरं, येताना रिकाम्या हाताने यायचं नसतं. आणि संत इग्नातच्या दिवशी घरातलं बाहेर न्यायचं नसतं. म्हणजे इतर सगळ्या नावांच्या माणसांना पाहुणे मिळतात, आणि इग्नातकडे जायचं तर घ्यायचं काय आणि निघायचं कसं, इथेच सगळं अडतं.

रादाकाकू होती तेव्हा अडत नव्हतं. ती दुपारी अंगणात उभी राहून कोंबड्यांना इतक्या मोठ्याने शिव्या द्यायची की लोकांना घरात बसवत नसे. बोलावत नव्हती ती, कोंबड्यांशी बोलत होती. संध्याकाळपर्यंत घर भरायचं. ती गेल्यावर पहिल्या वर्षी तिघं-चौघं गेले. बसले. इग्नातकाकाने टेबल ठोकलं. त्यांनी घेवडा खाल्ला, टोप्या घातल्या आणि उतरले. दुसऱ्या वर्षी झाफिरमामा एकटाच गेला आणि अर्ध्या वाटेत त्याला आठवलं की शेळी बांधायची राहिली. त्यानंतर कोणीच नाही.

पण इग्नातकाका दर वर्षी टेबल मांडतो. हे सगळ्यांना माहीत आहे, कारण सामान आमच्याकडूनच नेतो.

या वर्षी डिसेंबरात तो दुकानात आला तेव्हा त्याच्या कोटाच्या आत काहीतरी हलत होतं. त्याने दोन कोंबड्या काढून फळीवर ठेवल्या, एक ठिपक्यांची, एक तांबडी. टक् टक्.

"ठेव तुझ्याकडे, नेवेना," तो माझ्या आईला म्हणाला.

"का रे? आजारी आहेत?"

"मी चाललो. झोर्नित्साकडे."

"किती दिवस?"

त्याने फळी ठोकली. मग अक्रोड मागितले, मोठा पांढरा घेवडा मागितला, आंबवलेल्या कोबीची पानं मागितली. आई सामान काढता काढता थांबली. "चालला आहेस तर एवढं कोणासाठी?"

"नाताळानंतर जाणार. नावाचा दिवस त्याच्या आधी आहे." पिशवी उचलली, दारापाशी गेला आणि चौकट ठोकली. इग्नातकाकाच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यांत लांब वाक्य: "या खेपेला कोणी आलं तर बघू, नाही आलं तर इथे बसून तरी कोणाचं काय अडतंय."

तो गेल्यावर आईने झाफिरमामाला सांगितलं. तो पिंपावर बसून बिअर पीत होता, सगळं ऐकलेलं होतंच.

"जायला हवं त्याच्याकडे," आई म्हणाली.

"जायलाच हवं. नाही, म्हणजे, जायलाच हवं. पण आधी कोण?"

"तू जा."

"मी? माझी शेळी गाभण आहे, नेवेना. समज मी इग्नातकडे गेलो. माझ्या घरी अजून कोणी आलेलं नाही. मी तिथून उठून घरी आलो, म्हणजे पहिला पाय माझाच, आणि तो कुठून आलेला? इग्नातच्या घरातून. शेळीला मी काय तोंड दाखवू? नाही, म्हणजे, काय तोंड दाखवू?"

"शेळी विचारणार आहे तुला?"

"मग तू जा."

"माझं दुकान आहे," आई म्हणाली. "मी ज्याच्या घरात पहिली जाईन त्याच्या घरात वर्षभर काही बिघडलं की म्हणतील, नेवेनाने केलं. आणि पाव खालच्या गावातून मागवतील."

एवढ्यात वेलाआजी आली. दोघंही एकदम पिठाच्या पोत्यांकडे बघायला लागले.

"काय झालं? मी आले की तुम्हाला पीठ दिसायला लागतं?"

आईने सांगितलं. वेलाआजीने रुमाल सारखा केला. "जाऊ दे. उन्हात जाईल, संत्री खाईल. इथे तरी काय दिवे लावतोय. मी काही म्हणत नाही." तिने साखर घेतली, पैसे दिले, दार उघडलं आणि उंबऱ्यात थांबली. "मग धुराडी कोण साफ करणार?"

तिने तरी कुठे साफ करून घेतलं होतं? या सप्टेंबरला तिने 'चांगलं ओढतंय' म्हणून इग्नातकाकाला छपरावरही चढू दिलं नव्हतं.

खरं तर या सगळ्यावर गावाने एक तोड काढलेली आहे. तिचं नाव पेन्का. पेन्का टपालवाली खालच्या गावातून पिवळी गाडी घेऊन पेन्शन वाटायला येते, आणि महिन्याचा तिचा शेवटचा फेरा नेमका संत इग्नातच्या दिवशी पडतो. जी बाई हातात पैसे घेऊन घरात शिरते तिच्या पायात वाईट काय असणार? म्हणून गेली काही वर्षं साऱ्या गावाचा पहिला पाय पेन्काच. ती प्रत्येक घरी काडीने चुलीतला विस्तव चाळवते, "जितक्या ठिणग्या तितकी पिल्लं, तितकी कोकरं, तितकी सुखं" असं एका दमात म्हणून टाकते, सही घेते आणि पुढच्या घरी. वरच्या गल्लीच्या टोकापर्यंत मात्र तिची गाडी चढत नाही. इग्नातकाकाची पेन्शन ती आमच्या दुकानात ठेवून जाते.

त्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडत होता. शाळेला आदल्या दिवसापासूनच सुट्टी. आम्ही दुकानाच्या वर राहतो, तिथल्या खिडकीतून दोन्ही गल्ल्या दिसतात. सगळी धुराडी चालू होती, सगळी दारं बंद, आणि एकाही अंगणात पाऊल उमटलेलं नाही. फक्त वरच्या टोकाला एक दार अर्धं उघडं होतं, आड लाकूड लावलेलं. इग्नातकाकाचं. असल्या थंडीत दार उघडं ठेवणं म्हणजे आपण जाळलेलं सरपण आपणच रस्त्यावर फेकणं.

मग फोन वाजला. पेन्का. गाडी लाकूड कारखान्याच्या वळणावर रुतली होती. "आज नाही गं जमत. उद्या."

आईने झाफिरमामाला फोन केला. झाफिरमामाने ओळीने सगळ्यांना केला आणि पुन्हा आईला. "आता काय? नाही, म्हणजे, आता काय?"

"तू ये आमच्याकडे," आई म्हणाली.

"मी कसा येऊ? तू ये."

"मी कशी येऊ?"

असं सगळं गाव आपापल्या खिडकीत बसलं आणि दुसऱ्याच्या पायाची वाट बघायला लागलं. मी म्हटलं, मी जाते इग्नातकाकाकडे. आई म्हणाली, बस खाली. मी बसले.

दुपारच्या सुमाराला झाफिरमामाचा फोन. "वेलाच्या खिडकीतून धूर येतोय. नाही, म्हणजे, खिडकीतून."

खरंच येत होता. धुराड्यातून काही नाही, आणि खिडकीतून करडा लोट. आईने वेलाआजीला फोन लावला.

"काही जळत नाहीये," ती खोकत म्हणाली. "खोली जरा मोकळी करतेय."

"इग्नातला सांगू?"

"आज?" वेलाआजी म्हणाली आणि फोन आपटला.

म्हणजे झालं होतं काय, तर चूल पेटवली की धुराने जीव जातो, विझवली की थंडीने. ज्याला चूल दुरुस्त करता येते तो चार घरं वर टेबल मांडून बसलाय, आणि त्याला उंबऱ्याच्या आत घेता येत नाही. पेन्का आली असती तर तिच्या मागून घेता आलं असतं. पेन्का वळणावर.

वेलाआजीने तास-दीड तास कळ काढली. मग तिचं दार उघडलं.

म्लादेनआजोबांचा कोट, दोन रुमाल, हातात काठी. ती खाली आमच्याकडे येईल असं मला वाटलं. आईने पटकन केस सारखे केले, वेलाआजीचा पाय कसा काय याचा तिला विचार पडला असणार. पण वेलाआजी वर वळली. गुडघाभर बर्फ. दर थोड्या अंतराने थांबायची, काठीवर रेलायची. घराघरातल्या खिडक्यांचे पडदे एकेक करून हलले. इग्नातकाकाच्या फाटकापाशी ती बराच वेळ उभी राहिली. रिकाम्या हाताने आत जायचं नाही, आणि घरातून तर काही आणायचं नव्हतं. शेवटी ती वाकली, त्याच्याच अंगणातल्या, त्याच्याच सरपणाच्या ढिगातून एक फाटा उचलला, बर्फ झटकला, आणि तो घेऊन आत गेली. आड लावलेलं लाकूड कोणीतरी काढलं. दार बंद झालं.

पुढचं मला दोघांकडूनही कळलंय, आणि दोघांचं जुळत नाही.

वेलाआजी सांगते की तिने उंबऱ्यातूनच बजावलं, "मी नावाच्या दिवसाला आलेली नाही. शेकायला आलेय." इग्नातकाका सांगतो (आईने चार वेळा विचारल्यावर) की ती काही बोलली नाही, तिचे दात वाजत होते, आणि तोच म्हणाला, "वेले, बर्फ झटक."

टेबलाबद्दल दोघांचं एकमत आहे. पांढरं कापड, घेवडा, कोबीच्या पानातला भात, अक्रोड, लसूण, मधोमध गोल पाव. आणि ग्लास. घरात होते तेवढे सगळे ग्लास, पालथे घातलेले. वेलाआजी खुर्चीच्या टोकावर बसली, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की या घरातला पहिला पाय आपला पडला. ती घाबरली. तिच्या पायावर आजवर कोणी काही सोपवलं नव्हतं.

"पेन्का इथे येत नाही?" तिने विचारलं.

"गाडी चढत नाही."

"मग दर वर्षी कोण येतं?"

त्याने टेबल ठोकलं.

आता विस्तव चाळवणं भाग होतं. तिने तो फाटा चुलीत खुपसला, ठिणग्या उडाल्या आणि ती म्हणू लागली, "जितक्या ठिणग्या तितकी पिल्लं..." आणि थांबली. "तुझ्या कोंबड्यांचा आवाज नाही."

"दिल्या."

"कोकरं?"

"माझ्याकडे कधी होती?"

"मग मी म्हणू काय?"

"म्हण काहीतरी. फाटा जळतोय."

वेलाआजीने विचार केला. तिच्या म्हणण्याप्रमाणे अजिबात केला नाही, तोंडात आलं ते बोलली: "जितक्या ठिणग्या तितकी पेटती धुराडी." दोघांनी खिडकीतून खाली बघितलं. इग्नातकाकाचा धरून गावात मोजून बारा धूर होते, आणि त्यांतला तिचा नव्हता. वरची गल्ली भरलेली दोघांनीही बघितलेली आहे.

पहिल्या पायाने आल्याबरोबर उठायचं नसतं, नाहीतर कोंबड्या अंड्यांवर बसत नाहीत. कोंबड्या नसल्या तरी ती बसली. घेवडा खाल्ला. मीठ कमी आहे म्हणाली.

"धुराड्याला काय झालं?" इग्नातकाकाने विचारलं.

"काही झालेलं नाही."

"धूर खिडकीतून येत होता."

"मग बघत काय बसलास?"

"बोलावलं नाहीस."

"आजच्या दिवशी कशी बोलावणार?"

यावर त्याने ठोकलं नाही. न ठोकताच म्हणाला, "त्या वर्षीही तूच बोलावलं होतंस, वेले."

इग्नातकाकाच्या सांगण्यात इथे वेलाआजीने एकामागोमाग तीन अक्रोड खाल्ले आणि विषय संपला. वेलाआजीने मात्र आईला दुकानात, मी पाठमोरी असताना, हळू आवाजात सांगितलं की ती काय म्हणाली. "मला दोष कोणावर तरी ठेवायचा होता, इग्नात. देवावर ठेवायला भीती वाटते. तू आपला समोर होतास." वेलाआजीच्या आवाजात मी काहीही म्हणून दाखवते, लोक हसून लोळतात. हे मी कोणाला म्हणून दाखवत नाही.

मग इग्नातकाकाने चुलीत एक लाकूड सारलं. शेवटी वेलाआजीने रुमाल सारखा केला. म्हणजे ती परत वेलाआजी झाली.

"आता ऐक. आज तुझ्या घरात पाय माझा पडलाय. आणि तू नाताळानंतर कुलूप लावून निघालास, तर गाव काय म्हणेल? वेला गेली आणि घर बंद पडलं. मी बारा वर्षं लोकांच्या पायाबद्दल बोललेय, माझ्या पायाबद्दल मी ऐकून घेणार नाही. वर्षभर थांब. काय होतं ते बघ. मग जा कुठे जायचं ते."

"झोर्नित्साने तिकीट काढलंय."

"मी काही म्हणत नाही," वेलाआजी म्हणाली.

ती दोघं बाहेर आली तेव्हा उजेड उतरायला लागला होता. ती पुढे, तो मागे, खांद्यावर दोर आणि गोळा. तिच्या दारापाशी ती थांबली, वळली आणि त्याला हाताने अडवलं. तिने स्वतःच्या कुंपणातली एक काडी मोडून घेतली आणि स्वतःच्याच घरात पहिला पाय टाकला, पाहुण्यासारखा, उजवा, दाराशी बूट झटकून. आत गार पडलेली चूल तिने चाळवली. ठिणगी एकही उडाली नसणार, पण ओठ हलत होते, उघड्या दारातून ते आम्हाला दिसलं. तेवढा वेळ इग्नातकाका बर्फात उभा होता. बारा वर्षांत तो त्या उंबऱ्याच्या आत गेला नव्हता.

"ये आता," आतून आवाज आला. "पाय पूस."

चुलीच्या नळीच्या वळणात काजळीचा गोळा दाटून बसला होता, दुसरं काही नाही. थोड्या वेळात वेलाआजीच्या छपरावरून धूर निघाला, आधी काळा, मग करडा, मग सरळ. झाफिरमामाने फोन केला. "तेरा झाले. नाही, म्हणजे, तेरा." इग्नातकाकाला तिने कॉफी दिली. टेबलाशी बसवून. त्याचा टवका उडालेला कप खिडकीच्या फळीवर असायचा, तो तिने आत आणून धुतला.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण मी खिडकीतच होते. काळोख पडला, इग्नातकाका एकटाच वर चढला. आता जायला काहीच हरकत नव्हती, नाही का? त्याच्या घरात पहिला पाय पडून गेलेला होता. आई म्हणाली, आता अंधार झाला. झाफिरमामा म्हणाला, आता शेळी झोपली. मी कोट घालून जिन्यापर्यंत गेले, तर आई म्हणाली घसरशील. वरच्या टोकाला दार पुन्हा अर्धं उघडून त्याच्या आड लाकूड लावलेलं दिसत होतं, आतला उजेड बर्फावर पडला होता, आणि त्या उजेडात वेलाआजीच्या आणि त्याच्या स्वतःच्या पावलांखेरीज एकही पाऊल नव्हतं. मग ते दार कोणीतरी आतून ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पेन्का आली आणि सगळं गाव दुकानात. जो तो सांगत होता की आपण निघालोच होतो. इग्नातकाका आला. टक् टक्.

"त्या कोंबड्या," तो म्हणाला.

आईचा चेहरा तांबडा झाला. "इग्नात, ठिपक्यांची... परवा सूप केलं. तू जाणार म्हणालास."

त्याने ऐकून घेतलं. "कसं होतं?"

"जरा चिवट होतं."

"जुनी होती ती. रादाच्या वेळची." फळी ठोकून म्हणाला, "मग तांबडी दे."

"आणि स्पेन?" झाफिरमामाने विचारलं. "नाही, म्हणजे, स्पेनचं काय?"

"वेलाची नळी गंजलीय. सगळी बदलावी लागेल. बर्फ असेपर्यंत छपरावर जाता येत नाही." तेवढं बोलून त्याने तांबडी कोंबडी कोटात घातली आणि गेला. रविवारी झोर्नित्साचा फोन आला, ती बराच वेळ रागावून बोलली, मग रडली, मग म्हणाली, "बाबा, ऐकतोयस ना?" त्याने फळी ठोकली. या वेळी तेवढ्यावर तिचं भागलं नाही. मग त्याने तोंड फोनजवळ नेलं आणि म्हणाला, "वेला आली होती." एवढंच. तिला त्यातून काय कळलं कोण जाणे.

एकटी कोंबडी खुराड्यात राहत नाही, तिला थंडी वाजते. म्हणून त्याने ती स्वयंपाकघरात चुलीपाशी ठेवलीय. काल मी त्याची पेन्शन द्यायला वर गेले होते. दाराबाहेर थांबले, कारण आत तो ठोकत होता. टक् टक्. मग बराच वेळ काही नाही. मग कोंबडी कुरकुरली. तो पुन्हा ठोकायचा, ऐकायचा, आणि ती परत काहीतरी म्हणायची.